न वापरलेले पाच पॉइंट

मृत्यूनंतर माणसाचं काय होतं, हे मी आता बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकतो. तो आईस हॉकी खेळतो. डाव्या बाजूनं, कॅनडातल्या एका अस्तित्वात नसलेल्या गावाच्या संघातून.

निदान एक माणूस तरी खेळतो. आणि तो मेला आहे की नाही हे नक्की माहीत नाही... तेव्हा वरची खात्री वाचकांनी जरा सांभाळून घ्यावी.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमानं वाचतो. विश्वास मात्र कधी ठेवला नाही. सोलापुरात एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. घाटाच्या वळणावर लिफ्ट मागणारी बाई वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो – त्या वळणावर लिफ्ट मागणाऱ्या एकूण बायका किती, आणि त्यातल्या जिवंत किती? हा दुसरा आकडा कुणी मोजलेला नसतो. भुतांवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढाच दीपप्रज्वलनावर आहे. दोन्हींत माणसं अंधारात बराच वेळ उभी राहतात आणि शेवटी फारसं काही घडत नाही.

समारंभांचा हा कंटाळा आमच्या घरात रक्तातूनच आलेला असावा. माझा थोरला भाऊ अरविंद, म्हणजे दादा, माझ्याही पुढे होता. कुठल्याही कार्यक्रमातून तो आभारप्रदर्शनाच्या आधी उठायचा. शाळेत असताना तो हॉकी खेळायचा, आपली साधी मातीतली हॉकी, आणि बरी खेळायचा. पण शाळेत लावलेल्या एकाही विजयी संघाच्या फोटोत तो नाही. फोटोची वेळ होईपर्यंत तो घरी पोचलेला असायचा.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून तो निवृत्त झाला तेव्हा ऑफिसनं निरोप समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. साहेबांनी दादाला कार्यालयाचा आधारस्तंभ म्हटलं, मग दुसऱ्या साहेबांनी दीपस्तंभ म्हटलं. आभार मानायला एक जण माइककडे निघाला तसा दादा व्यासपीठावरून उठला, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींपाशी येऊन "आलोच" म्हणाला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला.

तो परत आला नाही. हे होऊन आता बरीच वर्षं झाली.

त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही, कारण सवय सगळ्यांनाच माहीत होती. रिकाम्या खुर्चीचे आभार मानून झाले, भेटीचं भिंतीवरचं घड्याळ वहिनींच्या हातात दिलं. रात्रीपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग पोलीस, पेपरात फोटो, हॉस्पिटलं. कुणी सांगितलं वैरागच्या बाजारात दिसले. आम्ही वैरागला गेलो. कुणी सांगितलं माढ्याला एसटी स्टँडवर होते, माढ्याला गेलो. दोन्हीकडे माणसं भेटली, दादासारखी अजिबात नसलेली. ना आजार, ना भांडण, ना चिठ्ठी.

वहिनी तेव्हापासून आमच्याच घरी खालच्या मजल्यावर राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, आता पेन्शनर आहेत. कपाळावर कुंकू असतं. त्यावर घरात कुणी कधी बोलत नाही.

आता आईस हॉकीकडे यायला हवं. माझा मित्र श्रीनिवास, त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याचा माल बाहेरच्या देशात जातो आणि तिकडच्या एका गिऱ्हाइकानं त्याला एका ऑनलाइन लीगचा नाद लावला. श्रीनिवासनं तो मला लावला. लीग खोटी असते. म्हणजे संघ खोटे, खेळाडू खोटे, बर्फसुद्धा खोटा. प्रत्येक सभासदानं एक खेळाडू बनवायचा. त्याला ठरावीक पॉइंट मिळतात, ते वेगवेगळ्या गुणांवर वाटायचे – वेग, ताकद, फटका, पास, शिस्त वगैरे. मग सॉफ्टवेअर सामने खेळवतं आणि कोणी काय केलं ते ओळीओळीनं छापून देतं. कॅनडातली रात्र म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे श्रीनिवास कारखान्यात जाण्याआधी माझ्याकडे येतो आणि चहा घेत आम्ही निकाल वाचतो. आम्ही दोघांनीही आईस हॉकी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आमच्या गावात बर्फ दिसतो तो उसाच्या रसवंतीत, पोत्यात गुंडाळलेला.

मला त्यातलं गणित आवडलं. एकूण पॉइंट ठरलेले, एका गुणाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होणार. खेळाडूला नाव द्यायची वेळ आली तेव्हा फारसा विचार न करता मी दादाचं नाव टाकलं. हॉकी म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार?

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. पण आजोबा गेल्यावर. माणूस जिवंत असताना त्याचं नाव घरात दुसऱ्या कुणाला ठेवत नाहीत, म्हणजे नाहीच. ही रीत मला चांगली ठाऊक होती. संगणकावरच्या खेळाडूला ती लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

एका सकाळी वहिनी चहाचे कप घेऊन वर आल्या. माझी बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, त्यामुळे चहा खालून यायचा. श्रीनिवास मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला.

"वहिनी," तो म्हणाला, "अरविंददादांनी आज गोल केला बगा. एकच नंबर."

वहिनींनी कप खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं. सांगताना ते फारच बालिश वाटत होतं.

"नाव ठेवलंत होय," वहिनी म्हणाल्या. "बरं झालं कळलं. तुमच्या लेखी ते गेलेत तर."

"तसं नाही, वहिनी... खेळ आहे हा."

"मी तुम्हाला इतक्या वेळा विचारलं, भाऊजी, तुम्हाला काय वाटतं म्हणून. तुम्ही दर वेळी शक्यता सांगितलीत. टक्के सांगितलेत. नाव ठेवताना टक्के मोजले नाहीत वाटतं."

श्रीनिवास चहा बशीत ओतून घेण्यात अतिशय गुंतला होता.

"दाखवा बघू," वहिनी म्हणाल्या आणि चष्मा लावून खुर्ची ओढून बसल्या. "हे काय?"

"वेग. वीसपैकी द्यायचे. मी अठरा दिलेत."

"कुणाला?"

"दादाला."

"बस सुटतेय म्हणून जो माणूस कधी पळाला नाही, त्याला अठरा? दुसरी येईल म्हणायचे. हा कोण तुम्ही भलताच करून ठेवलाय. बदलता येतो का?"

सीझनमध्ये एकदा सगळे पॉइंट काढून नव्यानं वाटायची सोय होती. मी ती वापरली. वेग पाचवर आला.

"फटका?"

"जोर कमी ठेवा. नेम असेल तर तो भरून द्या. कागदाचा बोळा करून लांबनं बादलीत टाकायचे, एकदासुद्धा बाहेर पडला नाही."

"पास?"

"पुरे वीस. कुणी काही मागितलं की म्हणायचे, घेऊन जा. माझा मिक्सर अजून समोरच्या बाईंकडं आहे."

"शिस्त?"

"ऑफिसात होती. घरी ओला टॉवेल पलंगावर."

"टॉवेल चांगला असला तर पलंगाला काय होत न्हाय, वहिनी," श्रीनिवास म्हणाला. धंद्याचा विषय निघाल्यावर त्याला राहवलं नाही.

"मधला आकडा घाला. हे काय... मारामारी? हा गुण आहे?"

"बर्फावरच्या हॉकीत आहे."

"शून्य."

"निदान एक तरी द्यावा लागतो."

"मग एक द्या. आमच्या लग्नात बँडवाल्याशी केली होती तेवढी. आणि नेतृत्वाला पण एकच. सोसायटीचे लोक चेअरमन करायला आले तेव्हा मागच्या दारानं गेले होते."

हसत हसत आम्ही गुणांच्या यादीत खाली येत होतो. मग टिकाव आला. म्हणजे खेळाडू शेवटपर्यंत किती दम धरतो ते. मी त्याचा अर्थ सांगितला आणि सांगितल्यावर वाटलं की नुसता मधला आकडा टाकला असता तर बरं झालं असतं. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे मला येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच घाला."

मी दहा घातले. सगळे गुण भरून झाले तेव्हा पाच पॉइंट उरले होते.

"हे कशात घालू?"

"उरू द्या."

"वाया जातात, वहिनी. सगळे वापरायचे असतात."

"इतकी वर्षं संसार केला म्हणून माणूस सगळा कळला होता असं नाही. पाच उरू द्या."

मी पान सेव्ह केलं. खाली कोपऱ्यात लिहून आलं – न वापरलेले पॉइंट : ५.

त्यानंतरच्या पहिल्याच सामन्याचा निकाल श्रीनिवास वाचत होता. हा खेळ तीन भागांत असतो. दोन भाग त्यानं नेहमीसारखे वाचले, मग थांबला.

"सर, दादा गेले ओ."

"कुठं गेले?"

"ते लिवलं न्हाय. तिसरा पार्ट चालू झाला आन्‌ हितं लिवलंय, अरविंद मैदान सोडून गेला. बास. कारणाच्या जागी काहीच न्हाय."

खेळाडू बाहेर जातो तेव्हा शेजारी कारण येतं, दुखापत किंवा शिक्षा. इथे ती जागा कोरी होती. मी म्हटलं सॉफ्टवेअरचा घोळ असेल. वहिनी कप गोळा करत होत्या.

पुढच्या सामन्याला अरविंद संघात होता, चांगला खेळला, सुंदर पास दिले, आणि तिसरा भाग सुरू झाल्यावर मैदान सोडून गेला. कारण नाही.

तेव्हा सहज म्हणून मी खेळाडूचं पान उघडलं. न वापरलेले पॉइंट : ३.

माणसाला धंद्याची सवय असते. मी प्रत्येक गुणाचा आकडा तपासला. एकही वाढलेला नव्हता. सगळ्यांची बेरीज केली, उरलेले तीन मिळवले. एकूण पॉइंटांत दोन कमी पडले. ते खर्च झाले होते, पण कशावरच खर्च झाले नव्हते. पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. तरी मी तो बदलला.

लीग चालवणारा डग नावाचा एक कॅनडियन गृहस्थ आहे. त्याला मी सविस्तर ईमेल लिहिली. त्यानं सभ्यपणे उत्तर दिलं की 'मैदान सोडून गेला' असं वाक्य त्याच्या प्रोग्राममध्ये नाही. त्यानं शोधून पाहिलं होतं. तळाला त्यानं तितक्याच सभ्यपणे विचारलं होतं की मी त्यांच्या सर्व्हरमध्ये काही करतोय का. त्यानं माझ्या संगणकज्ञानाचा केलेला हा गौरव मी अजून जपून ठेवला आहे.

मग मी जे कुणीही शहाण्या माणसानं करावं ते केलं. श्रीनिवासला त्याचा खेळाडू अगदी अरविंदसारखा करायला सांगितलं. तेच आकडे, आणि पाच पॉइंट उरलेले.

"ओ सर, माझा प्लेअर मारामारीवाला हाय. लोकं त्याला भितेत. तुम्ही त्याला क्लार्क करायलाव."

"एका सामन्यापुरता."

"सीझनला एकदाच बदलता येतंय की. म्हंजे वर्षभर क्लार्क."

शेवटी कुरकुरत त्यानं केलं. त्याचा खेळाडू तिसऱ्या भागात कुठेही गेला नाही. त्याचे पाच पॉइंट पाचच राहिले. त्याच सकाळी अरविंद गेला होता. उरले दोन.

याच सुमारास मैंदर्गीहून नाना आले. नाना म्हणजे आमचे चुलते. गावातल्या झाडून सगळ्या समित्यांचे अध्यक्ष, आणि जिथे समिती नसेल तिथे ती स्थापन करणारे. बरोबर गुरुजी होते.

"सूनबाई," नाना बसता बसता म्हणाले, "माझं आता काय खरं नाही. वर गेल्यावर यांचा बाप मला पहिलं विचारणार, थोरल्याचं काय केलंस? काय सांगू मी? अधांतरी ठेवून आलो म्हणून सांगू?"

"मी कुठं ठेवलंय, नाना? तेच गेलेत."

"तेच म्हणतोय की मी. गेलाय ना? मग नीट जाऊ दे त्याला."

ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पालाशविधी करतात. गुरुजींनी तो समजावून सांगितला. पळसाच्या पानांचे देठ घेऊन दर्भावर माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि तिला अग्नी द्यायचा. देठांची एकूण संख्या ठरलेली असते. त्यातले डोक्याला किती, छातीला किती, एकेका हाताला किती, हेसुद्धा ठरलेलं. एकीकडे जास्त गेला तर दुसरीकडे कमी पडणार.

हे ऐकताना मी उगाचच खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि नंतर ते आले तर?" वहिनींनी विचारलं.

नाना खाकरले. गुरुजींना मात्र प्रश्न आवडला. त्याचीही शास्त्रात सोय आहे म्हणाले. परत आलेल्या माणसाला तुपानं न्हाऊ घालायचं, मग जातकर्मापासून सगळे संस्कार नव्यानं करायचे, मुंज करायची, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

"बँडसकट?" वहिनी म्हणाल्या.

मला हसू आलं. नानांना नाही.

"मला थोडे दिवस द्या," वहिनी म्हणाल्या. "मी कळवते."

नाना गेल्यावर वहिनी वर आल्या आणि त्यांनी एकच विचारलं. "किती राहिलेत?"

मी विषय टाळला नाही. टाळायची हिंमत नव्हती. "दोन."

"म्हणजे ते जातात तेव्हा एक जातो."

"असं दिसतंय. पण वहिनी, याचा दादाशी काही संबंध आहे असं नका धरू. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी–"

"मी कुठं काय धरलंय? तुम्ही पासवर्ड बदललात, मी नाही."

पुढच्या सामन्यानंतर एक उरला.

या लीगमध्ये जादा पॉइंट मिळवता येतात. तिथल्या चर्चेच्या पानावर खेळाडूबद्दल लेख लिहिला की डग दोन-तीन पॉइंट देतो. श्रीनिवासनं ते सुचवलं. "एक लेख टाका की सर. तुम्हाला काय अवघड हाय? पॉइंट येतेत, दादा जात राहतेत, परत येत राहतेत. कुणाचं काय बिघडतंय?"

आणि मी लिहायला बसलो. इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आलो की नमुन्यात आपल्या सोयीचे आकडे घुसवणं हे पाप आहे. मी दादाच्या शाळेतल्या हॉकीवर चांगली दोन पानं लिहिली. फोटोच्या वेळी तो कसा निसटायचा तेही लिहिलं. मग पाठवायच्या आधी खाली जाऊन वहिनींना वाचून दाखवलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "छान लिहिलंय," म्हणाल्या. "पाठवू नका."

"का? एकच उरलाय."

"मी पाच ठेवले होते. मला जेवढं कळलं नाही तेवढे ते. त्यात तुम्ही भर घालायची नाही."

"पण संपले आणि मग..."

"मग काय होतं ते बघू. रोज सकाळी मी जिन्यात उभी राहून ऐकते, भाऊजी, श्रीनिवास काय वाचतोय ते. किती दिवस ऐकायचं?"

मी लेख पाठवला नाही.

पुढच्या सामन्यात शेवटचा पॉइंट गेला. पानावर शून्य आलं. त्यानंतरच्या सामन्याच्या सकाळी वहिनी जिन्यात थांबल्या नाहीत. वर येऊन आमच्यात बसल्या. श्रीनिवासनं पहिला भाग वाचला, दुसरा वाचला. तिसरा भाग सुरू झाला. तो एकेक ओळ वाचत होता, आणि त्याच्या आवाजातली नेहमीची मजा गेली होती. अरविंदनं पास अडवला. अरविंदनं पास दिला. अरविंदनं पुन्हा पास दिला.

"शेवटची शिट्टी," श्रीनिवास म्हणाला. "दादा हायत, वहिनी. आत हायत."

"जिंकले?"

"न्हाय. हरले."

वहिनींनी कप खाली ठेवला. "थांबले," त्या म्हणाल्या. "उठून जायला काही उरलं नाही आता त्यांच्याकडं." मग म्हणाल्या, "नानांना फोन लावा. आणि त्यांना सांगा, तूप लागलं तर ते मी बघीन."

विधी मैंदर्गीच्या बाहेर ओढ्याकाठी झाला. नानांनी हौसेनं मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि माइक नको एवढं पटवायला मला अर्धा दिवस लागला होता. गुरुजींनी देठ स्वतः मोजून आणले होते. त्यांची मोजणी मी पुन्हा केली. संख्या बरोबर होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला साक्षीदार म्हणून मी स्वतःलाच उभा करतोय.

आकृती पूर्ण झाली. डोकं, मान, छाती, हात, पाय. गुरुजी एकेका अवयवाची संख्या पुटपुटत देठ मांडत होते. सगळं झाल्यावर त्यांच्या हातात देठ उरले होते.

त्यांनी पाहिलं. आकृतीवरून पुन्हा बोट फिरवत मोजलं. कुठेही कमी नव्हता. उरलेले हातात तसेच.

"किती आहेत?" मी विचारलं.

"पाच," गुरुजी म्हणाले. "जास्त आले असतील."

"मी मोजले होते."

"मीही मोजले होते की." ते जरा चिडले. "घालतो छातीला."

"नका घालू," वहिनी म्हणाल्या. "उरू द्या."

गुरुजींनी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे. देठ बाजूला राहिले. अग्नी दिला. पळस पटकन पेटतो.

सगळं आटोपल्यावर नानांना राहवलं नाही. ते खुर्चीवरून उठले, उपरणं सारखं केलं आणि आलेल्या चार माणसांसमोर त्यांनी सुरुवात केली, की आजच्या या प्रसंगी गुरुजींचे, तसेच मांडव देणाऱ्यांचे...

माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी उठल्या. माझ्याकडे वाकून त्या म्हणाल्या, "आलेच." आणि मांडवाच्या बाजूनं बाहेर पडल्या.

नाना बोलत होते. मी खुर्ची पाडून मांडवाबाहेर धावलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. ओढ्याच्या बाजूला कुणी नव्हतं. मी "वहिनी, वहिनी" अशी हाक मारली, आणि आपण किती मोठ्यानं ओरडतोय हे मला दुसऱ्या काठावरची म्हैस वळून बघायला लागली तेव्हा कळलं.

वहिनी एका चिंचेच्या झाडापलीकडे खाली बसल्या होत्या. ते पाच देठ रुमालात गुंडाळत होत्या.

"अहो, आले म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या. "किती घाबरलात."

"काही नाही... नाना शोधत होते."

"नाना आभार मानतायत. अजून स्वयंपाक्यापर्यंत पोचले नसतील." त्यांनी रुमालाला गाठ मारली. "मला बघायचं होतं, उठून जाताना कसं वाटतं ते."

"कसं वाटतं?"

"मोकळं वाटतं. पण मग परत यावंसं वाटतं की. त्यांना का वाटलं नसेल?"

आम्ही मांडवात परत आलो. नाना ताडपत्रीवाल्यापर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खेळाडूचं पान उघडलं. मी काही लिहिलं नव्हतं, डगनं काही दिलं नव्हतं. नंतर त्याला विचारलं तेव्हा त्यानं उत्तरच दिलं नाही. कोपऱ्यात लिहिलं होतं – न वापरलेले पॉइंट : ५.

मी खाली जाऊन वहिनींना सांगितलं. त्या कुंकवाची डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवत होत्या. हात तसाच वर राहिला. मग त्यांनी डबी आत सरकवली आणि दार लावलं.

"मग आता याला काढून टाकू का? निवृत्त करायची सोय आहे."

"निवृत्त नको," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वेळी निवृत्तीतच घोळ झाला. राहू दे. उन्हाळा त्यांना कधी सोसला नाही. तिथं गार तरी आहे."

हे सगळं मी जसं घडलं तसं लिहिलं आहे. प्रोग्राममध्ये चूक असेल. गुरुजींची आणि माझी मोजणी एकाच वेळी, एकाच आकड्यानं चुकली असेल. अशा योगायोगाची शक्यता काढता येते, मी काढली आहे, आणि ती इथे देत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर कळवावं, मात्र त्यात पिंपळ नसावा.

अरविंद आता प्रत्येक सामना शेवटपर्यंत खेळतो. पाच पॉइंट अजून तसेच आहेत. ते वेगात घालावेत असं श्रीनिवासचं ठाम मत आहे, पण वहिनी हात लावू देत नाहीत. संघ तळाला आहे.